चालतंय त्याला हात का लावायचा?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा अधिकृत पाठिंबा संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानांत, पतसंस्थांत, सीएंच्या ऑफिसांत संगणक नेहमीसारखे सुरू झाले. टॅली उघडलं, बिलं छापली गेली, मेल आले-गेले. काहीही बंद पडलं नाही. म्हणून आजही बरेच मालक एकच प्रश्न विचारतात: चालतंय त्याला हात का लावायचा?

प्रश्न रास्त आहे. ज्या यंत्रावर रोजचा धंदा चालतो ते उगाच खोलायला कोणी शहाणा माणूस तयार होत नाही, आणि ‘अपडेट मारलं आणि प्रिंटर गेला’ हा अनुभव गावोगावी आहे. तरीही हात लावायला हवा, असं माझं ठाम मत आहे. मात्र बहुतेक जण जिथून सुरुवात करतात तिथून नव्हे. विंडोज बदलणं हा या कामातला सर्वांत सोपा भाग. अवघड आहे ते त्या विंडोजला बिलगून बसलेलं सगळं: प्रोग्रॅम, प्रिंटर, डोंगल, फॉन्ट, वर्षानुवर्षांच्या फायली. त्यांची मोजदाद आधी केली तर बदल शनिवार-रविवारात उरकतो. नाही केली तर सोमवारी काउंटरवर गर्दी आणि आत इंजिनिअर, अशी वेळ येते.

त्या तारखेला नेमकं काय संपलं? संपल्या त्या दुरुस्त्या. विंडोज म्हणजे काही कोटी ओळींचा प्रोग्रॅम. एवढ्या मोठ्या लिखाणात चुका राहणारच, आणि त्या वर्षानुवर्षं सापडत राहतात. २००३ पासून मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी त्यांवरच्या दुरुस्त्या एकगठ्ठा सोडते. आपल्याकडे तेव्हा मंगळवारची रात्र असते. ज्या चुकांमधून बाहेरचा माणूस आत शिरू शकतो, त्या या दुरुस्त्यांमध्ये सर्वांत महत्त्वाच्या. वाढीव मुदत आणि उद्योगांसाठीच्या काही खास आवृत्त्या सोडल्या, तर विंडोज १० ला हा मासिक गठ्ठा आता मिळत नाही.

इथे एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. पाठिंबा संपलेलं यंत्र आहे तितकंच सुरक्षित राहत नाही, ते दर महिन्याला थोडं अधिक उघडं पडतं. विंडोज १० आणि विंडोज ११ यांचा आतला बराचसा भाग सामाईक आहे. विंडोज ११ साठी दुरुस्ती आली, की हल्लेखोर जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून काय बदललं ते पाहतात. बदललेल्या जागीच चूक होती, हे उघड असतं. तीच चूक विंडोज १० मध्येही असेल, तर ती कुठे आहे हे आता सगळ्यांना ठाऊक झालं आणि ती बुजवायला मात्र कोणी येणार नाही.

हे किती लवकर अंगावर येऊ शकतं ते २०१७ ने दाखवलं. विंडोज संगणक एकमेकांशी फोल्डर शेअर करतात ते एसएमबी नावाच्या पद्धतीने. तिच्या पहिल्या, जुन्या आवृत्तीत एक भोक होतं. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेला ते माहीत होतं आणि त्यावर बेतलेलं ‘इटर्नल ब्लू’ हे हत्यार तिच्याकडे होतं. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला दुरुस्ती दिली. एप्रिलमध्ये ते हत्यार चोरांच्या टोळीने जगजाहीर केलं. १२ मे रोजी त्याच हत्याराच्या जोरावर वॉनाक्राय हे खंडणी मागणारं व्हायरससारखं सॉफ्टवेअर पसरलं आणि ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. त्या काळी सगळा दोष विंडोज एक्सपीच्या माथी मारला गेला, पण बाधित यंत्रांत सर्वाधिक वाटा विंडोज ७ चा होता. त्या विंडोजला पाठिंबा होता, दुरुस्तीही आलेली होती. ती बसवायची राहिली होती. म्हणजे नवं विंडोज घेऊन अपडेट बंद करून ठेवणाऱ्याला त्या नवेपणाचा काहीच उपयोग नाही.

दीड महिन्याने, २७ जूनला, नॉटपेट्या हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर आलं आणि त्याची झळ थेट न्हावा शेव्यापर्यंत पोचली. युक्रेनमध्ये वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ते घुसलं आणि तिथे कार्यालय असलेल्या मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात पसरलं. न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं एक टर्मिनल याच समूहाकडे होतं. तिथली संगणक यंत्रणा बसली, कंटेनरची कामं हाताने करायची पाळी आली. मर्स्कच्या अध्यक्षांनी पुढे दावोसच्या व्यासपीठावर सांगितलं, की कंपनीला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. नॉटपेट्या त्याच एसएमबीच्या भोकातून जात होतं, पण त्याशिवाय ते एका यंत्राच्या स्मृतीतून पासवर्ड उचलून दुसऱ्यात शिरत होतं. त्यामुळे दुरुस्त्या बसवलेली यंत्रंही गेली. विंडोज अद्ययावत केलं की आपण सुटलो, असं कोणी सांगत असेल तर ते अर्धंच खरं आहे.

मग लोक बदलत का नाहीत? याचं सर्वांत बोलकं उदाहरण आपल्या एटीएमचं आहे. विंडोज एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ ला संपला. त्यानंतर चार वर्षांनीही देशात एक्सपीवर चालणारी एटीएम होती. जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना मुदतीच घालून दिल्या: सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान २५ टक्के, डिसेंबरपर्यंत ५०, मार्च २०१९ पर्यंत ७५ आणि जून २०१९ पर्यंत सगळी यंत्रं पाठिंबा असलेल्या प्रणालीवर. बँकांकडे पैसा नव्हता किंवा तंत्रज्ञ नव्हते, असं नाही. पण एटीएममध्ये विंडोजच्या वर नोटा मोजणारा भाग, कार्ड वाचणारा भाग, पावती छापणारा भाग आणि बँकेच्या स्विचशी बोलणारा प्रोग्रॅम असतो, आणि यातला प्रत्येक नव्या प्रणालीवर पुन्हा तपासून घ्यावा लागतो. चार माणसांच्या ऑफिसची अडचण याच जातीची आहे, फक्त आकाराने लहान.

या वेळी त्यात भर पडली ती यंत्राच्या पात्रतेची. विंडोज ७ वरून १० वर येताना जवळपास कोणतंही मशीन चालून गेलं. विंडोज ११ मात्र ठरावीक यंत्रांनाच स्वीकारतं. इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो, एएमडीमध्ये साधारण रायझन २००० मालिकेपासून पुढचा. पिढी ओळखणं सोपं आहे. प्रोसेसरच्या नावातला ‘आय५’ सोडून पुढचा आकडा वाचायचा: ७४०० असेल तर सातवी पिढी, ८४०० असेल तर आठवी, १०४०० असेल तर दहावी. आठवी पिढी बाजारात आली ती २०१७ च्या उत्तरार्धात. त्यामुळे २०१८ च्या आधी घेतलेली बहुतेक यंत्रं, कितीही चांगली चालत असली तरी, बाहेर पडतात. उत्तम स्थितीतलं सातव्या पिढीचं मशीन केवळ या अटीमुळे भंगारात जावं याचं मला वाईट वाटतं. कॅनालिस या बाजार अभ्यासणाऱ्या संस्थेने २०२३ च्या अखेरीस अंदाज मांडला होता, की या बदलामुळे जगात २४ कोटी संगणक कचऱ्यात जाऊ शकतात. वापरणाऱ्यांची तक्रार खरी आहे.

दुसरी अट टीपीएमची. टीपीएम म्हणजे मदरबोर्डवरचा किंवा प्रोसेसरमध्येच असलेला एक छोटा सुरक्षित कप्पा. डिस्क कुलूपबंद करण्याच्या किल्ल्या त्यात राहतात, आणि संगणक सुरू होताना सुरुवातीच्या प्रोग्रॅममध्ये कोणी ढवळाढवळ केली का याची नोंदही तो ठेवतो. अटीतली आवृत्ती २.० आहे. ‘टीपीएम नाही’ असं तपासणीत आलं म्हणून अनेकांनी मशीन बाद ठरवलं, पण आठव्या पिढीच्या पुढच्या असेंबल मशीनमध्ये तो बहुतेक वेळा असतोच, फक्त बायोसमध्ये बंद असतो. इंटेलच्या बोर्डवर त्याचं नाव पीटीटी, एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम. तो चालू करायचा, सेक्युअर बूट चालू करायचं. डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर विंडोज १० मध्येच दिलेल्या एमबीआर-टू-जीपीटी या साधनाने ती बदलता येते. मायक्रोसॉफ्टचा पीसी हेल्थ चेक हा मोफत प्रोग्रॅम एका मिनिटात सांगतो, की मशीन कुठे अडतंय.

मात्र बायोसला हात लावण्याआधी एक गोष्ट नक्की पाहा. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे ती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू असेल तर असा बदल झाल्यावर संगणक ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती नसेल तर डिस्कवरचा डेटा कायमचा गेला. कोणताही इंजिनिअर तो काढून देऊ शकत नाही. विकतच्या लॅपटॉपवर बिटलॉकरचं एन्क्रिप्शन मालकाच्या नकळत चालू झालेलं असू शकतं, आणि विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्ट खात्याने नवी स्थापना केली की ते बहुतेक मशीनवर आपोआप चालू होतं. की कोणाच्या खात्यात गेली? ज्याने पहिल्यांदा लॉगिन केलं त्याच्या. तो नोकरी सोडून गेलेला मुलगा असेल तर प्रश्न गंभीर आहे. प्रत्येक यंत्राची की कागदावर लिहून तिजोरीत ठेवावी, आणि बायोस बदलण्याआधी बिटलॉकर तात्पुरतं थांबवावं.

अपात्र मशीनवरही विंडोज ११ बसवून देणारे तंत्रज्ञ आहेत. रजिस्ट्रीतली एक नोंद बदलली की स्थापना पुढे जाते. घरच्या संगणकावर कोणी हौसेने केलं तर करू दे. ऑफिसच्या यंत्रावर मी ते करू देणार नाही. अशा यंत्रांना पुढची अपडेट मिळतीलच असं मायक्रोसॉफ्ट सांगत नाही, आणि आपण हा सगळा खटाटोप अपडेटसाठीच करतो आहोत.

आता मुख्य कामाकडे येतो. वही घ्यावी आणि प्रत्येक टेबलाशी बसून, त्या टेबलावरच्या माणसालाच विचारत, तो दिवसभरात काय काय उघडतो आणि कुठे कुठे छापतो ते लिहावं. मालकाला हे सगळं माहीत असतं, असा समज असतो. तो बहुधा चुकीचा ठरतो.

या वहीत पहिली नोंद जुन्या हिशेबी प्रोग्रॅमची. नव्वदच्या दशकात डॉसवरच्या फॉक्सप्रोमध्ये लिहिलेले प्रोग्रॅम पतसंस्था, अडत दुकानं, छोटे कारखाने यांनी आनंदाने वापरले. ते वेगवान होते, माऊस लागत नसे, आणि लिहून देणारा माणूस गावातलाच असे. ३२ बिटच्या विंडोज १० वर हे १६ बिटचे प्रोग्रॅम चालत, कारण त्या विंडोजमध्ये डॉसची सोय शिल्लक होती. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही. त्यामुळे असा प्रोग्रॅम तिथे थेट उघडणार नाही. तो डॉसबॉक्ससारख्या साधनात चालवता येतो, किंवा विंडोज ११ प्रोमधल्या हायपर-व्हीने संगणकातच दुसरा आभासी संगणक उभारून त्यात जुनी प्रणाली, नेटवर्क न जोडता, ठेवता येते. पण छपाईची वेगळी तजवीज करावी लागते, कारण हे प्रोग्रॅम थेट एलपीटी पोर्टवर छापतात आणि नव्या बोर्डवर ते पोर्टच नसतं. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर यूएसबीने जोडून, शेअर करून, एलपीटीच्या नावाने वळवावा लागतो. विंडोजसाठी लिहिलेल्या व्हिज्युअल फॉक्सप्रोचे प्रोग्रॅम ३२ बिटचे आहेत; ते सहसा चालतात, मात्र मायक्रोसॉफ्टने त्या भाषेचा पाठिंबा २०१५ मध्येच संपवला.

टॅलीचं तसं अवघड नाही. डेटा फोल्डरची प्रत घ्यायची, आणि डिस्क फॉरमॅट होणार असेल किंवा मशीन बदलणार असेल तर आधी लायसन्स सरेंडर करायचं. हे राहिलं की नव्या मशीनवर टॅली शैक्षणिक आवृत्तीत उघडतं आणि ऐन कामाच्या वेळी फोनाफोनी सुरू होते.

डिजिटल सहीचं टोकन ही विसरली जाणारी गोष्ट. जीएसटी, कंपनी व्यवहार खातं, ई-निविदा, भविष्य निर्वाह निधी: प्रत्येक ठिकाणी टोकनचा ड्रायव्हर आणि सही करून देणारी एक छोटी यूटिलिटी लागते, काही ठिकाणी जावाची ठरावीक आवृत्तीही. जुन्या मशीनवर कोणत्या आवृत्त्या आहेत हे बदलाआधी लिहून घ्यावं आणि नव्या मशीनवर खरोखर एकदा सही करून पाहावी. निविदेच्या शेवटच्या दिवशी टोकन ओळखलं गेलं नाही, तर निविदा गेली.

नेटवर्कवरचे शेअर फोल्डर या वेळी विशेष त्रास देतात, आणि त्यामागे चांगलं कारण आहे. ज्या जुन्या एसएमबीमधून वॉनाक्राय शिरलं, ती आवृत्ती नव्या विंडोजमध्ये मुळात बसवलेलीच नसते. ऑफिसातलं जुनं झेरॉक्स मशीन स्कॅन केलेली फाइल फोल्डरमध्ये पाठवतं ते मात्र अनेकदा तिच्याच भरवशावर. त्यात २४एच२ पासून प्रो आवृत्तीत दोन गोष्टी आणखी कडक झाल्या: पासवर्डशिवाय पाहुणा म्हणून शेअर फोल्डर उघडणं बंद झालं, आणि दोन यंत्रांतल्या संभाषणावर सही सक्तीची झाली. त्यामुळे नॅसचा, म्हणजे नेटवर्कवरच्या सामाईक साठवण-पेटीचा, काल उघडणारा फोल्डर आज उघडत नाही. अशा वेळी घाईत असलेला तंत्रज्ञ ही सगळी सुरक्षा बंद करून देतो आणि फोल्डर उघडतो. कृपा करून तसं करू देऊ नका. नॅसवर नाव आणि पासवर्ड तयार करा, त्याचं फर्मवेअर नवं करा. स्कॅनरला ईमेलवर किंवा पेनड्राइव्हवर पाठवायला सांगा. जे भोक बुजवायला सगळा खर्च केला तेच पुन्हा उघडण्यात काय अर्थ आहे?

काही यंत्रांना हातच लावू नये. पॅथॉलॉजी लॅबमधलं रक्ततपासणीचं यंत्र ज्या संगणकाला जोडलेलं असतं तो निर्मात्याने दिलेला असतो आणि त्या यंत्राबरोबरच तपासून घेतलेला असतो. कारखान्यातल्या सीएनसी मशीनचंही तसंच. तिथे निर्मात्याला विचारल्याशिवाय विंडोज बदलणं म्हणजे यंत्र बंद पाडून घेणं. अनेकदा त्यावर विंडोज १० ची उद्योगांसाठीची दीर्घ मुदतीची आवृत्ती असते. तिच्या २०२१ च्या आयओटी एलटीएससी या प्रकाराला तर २०३२ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. ती नसेल तर तो संगणक इंटरनेटपासून आणि ऑफिसच्या नेटवर्कपासून तोडावा, त्यावर मेल उघडू नये, कोणाचाही पेनड्राइव्ह लावू नये.

मराठी छापखाने, प्रकाशक आणि डीटीपीवाले यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्यांचं धन यंत्रात नाही, फायलींत आहे. विंडोजला स्वतःची देवनागरी आली ती २००० सालच्या विंडोज २००० मध्ये, मंगल या फॉन्टसह. त्याआधी, आणि नंतरही कितीतरी वर्षं, मराठी मजकूर टंकला गेला तो पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएमवर किंवा पुण्याच्याच मोड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीवर, आणि पानं लागली ती पेजमेकरमध्ये. या जुन्या फॉन्टमध्ये संगणकाच्या दृष्टीने मजकूर इंग्रजीच असतो. इंग्रजी अक्षराच्या जागी फॉन्टने देवनागरी आकार काढून ठेवलेला असतो. फॉन्ट नसला की पूर्ण पुस्तक निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग होऊन बसतं.

पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, आली २००१ मध्ये. इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या तिच्या फायली उघडत, पुढच्या उघडत नाहीत. म्हणून कित्येक छापखान्यांत कोपऱ्यात एक एक्सपी किंवा विंडोज ७ चं मशीन जपून ठेवलेलं दिसतं, मागे श्रीलिपीचं डोंगल लावलेलं. ते मशीन एक दिवस बंद पडणार आहे आणि त्याच्याबरोबर वीस-पंचवीस वर्षांची पुस्तकं, दिवाळी अंक, गावांच्या स्मरणिका जातील. ते जिवंत आहे तोवर दोन कामं करावीत. एक, प्रत्येक फाइलची फॉन्ट समाविष्ट असलेली पीडीएफ काढून ठेवायची. त्याने पान जसंच्या तसं राहतं. दोन, मजकूर बाहेर काढून युनिकोडमध्ये बदलायचा, म्हणजे तो पुन्हा वापरता येतो, शोधता येतो. बदलून देणारे प्रोग्रॅम आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाई, युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते; रफाराचंही असंच उलटंपालटं होतं. ‘वाऱ्या’मधला ऱ, जोडाक्षरं, अवतरणचिन्हं इथे चुका राहतात. एका मुद्रितशोधकाने नजर टाकलीच पाहिजे. हा खर्च आहे, आणि मराठी प्रकाशन व्यवसायाने तो आत्ता करायलाच हवा असं मी कळकळीने म्हणेन.

यादी झाली की बदलाचा दिवस ठरवता येतो. मार्चअखेर नको, सप्टेंबरातली ऑडिटची धावपळ नको, महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास जीएसटीची विवरणपत्रं असतात तेव्हाही नको. आधी एकच मशीन बदलावं, तेही कमी महत्त्वाचं, आणि पंधरा दिवस त्यावर खरं काम करून पाहावं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट एकाच वेळी जगभर गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज यंत्रं बसली. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. सगळीकडे एकदम जाण्याची ही किंमत आहे.

जुन्यावरच नवं चढवायचं की कोरी स्थापना करायची? चढवलं तर प्रोग्रॅम, फायली जागच्या जागी राहतात, आणि पसंत पडलं नाही तर दहा दिवसांत मागे जाता येतं. पण वर्षानुवर्षांचा कचराही तसाच पुढे येतो. माझी पसंती तिसऱ्या मार्गाला आहे. मशीन पात्र असेल तर जुनी डिस्क काढून कपाटात ठेवायची, नवी एसएसडी लावायची आणि तिच्यावर कोरी स्थापना करायची. काही बिनसलं तर जुनी डिस्क परत लावली की अर्ध्या तासात कालचं ऑफिस उभं राहतं. एसएसडीमुळे जो वेग मिळतो तो विंडोजच्या कोणत्याही आवृत्तीने मिळत नाही. रॅम कागदोपत्री ४ जीबी पुरते, पण प्रत्यक्ष कामाला ८ तरी हवी.

बॅकअपबद्दल मर्स्कचीच गोष्ट सांगण्यासारखी आहे. सगळ्या खात्यांची नोंद ठेवणारे त्यांचे सर्व्हर जगभर होते आणि एकमेकांची प्रत राखत होते. नॉटपेट्याने सगळे एकदम पुसले. घानामधला एक तेवढा वाचला, कारण त्या वेळी तिथे वीज गेलेली होती. नेटवर्कला कायम जोडलेली प्रत हल्ल्यात मूळ प्रतीबरोबरच जाते. एक प्रत तरी अशी हवी, जी वायरने कशालाही जोडलेली नाही.

ज्यांना लगेच जमणार नाही त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव मुदत ठेवली आहे. व्यवसायांसाठी पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. म्हणजे एका यंत्राचे ४२७ डॉलर. दुसऱ्या वर्षी आलात तरी पहिल्याचे पैसे भरावे लागतात. वैयक्तिक वापरासाठीची स्वस्त योजना दुकानाच्या संगणकासाठी नाही. एखादं अडलेलं मशीन वर्षभर ओढायला हे ठीक. सगळ्या ऑफिससाठी मात्र तेवढ्यात नव्या यंत्रांचा मोठा हप्ता निघतो. मायक्रोसॉफ्ट ऑफिस २०१६ आणि २०१९ यांचा पाठिंबाही त्याच १४ ऑक्टोबरला संपला, हेही हिशेबात धरावं.

क्रॅक केलेल्या विंडोजबद्दलही बोलायला हवं, कारण लहान ऑफिसांत ते सर्रास आहे. असेंबल मशीन घेताना लायसन्सचे पैसे वाचवले जातात आणि विक्रेता एखादं ॲक्टिव्हेटर चालवून देतो. हे ॲक्टिव्हेटर चालवताना आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, एवढ्यावरूनच काय ते समजावं. ग्राहकांची नावं, पॅन, बँक खाती ज्या यंत्रात आहेत त्यावर कोणी अज्ञाताने लिहिलेला प्रोग्रॅम पूर्ण अधिकाराने चालवणं हा धोका परवडणारा नाही. विंडोज १० चं खरं लायसन्स असेल तर पात्र यंत्रावर ११ फुकट मिळतं.

अपात्र ठरलेलं, पण धडधाकट मशीन केवळ ब्राउझरचं काम करत असेल तर त्यावर लिनक्स बसवणं हा प्रामाणिक पर्याय आहे. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवरच चालतात. टॅली लिनक्ससाठी बनलेलं नाही, त्यामुळे हिशेबाच्या टेबलावर ते चालणार नाही. पण स्वागतकक्षात, ग्रंथालयात, शाळेत ते यंत्र आणखी काही वर्षं काम देईल.

उरलेली यंत्रं भंगारवाल्याला वजनावर देऊ नयेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार ती नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे जायला हवीत. त्याआधी डिस्क. क्विक फॉरमॅटने फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, पानं तशीच राहतात. बाजारात मिळणाऱ्या साध्या साधनांनी ती परत वाचता येतात. पूर्ण डिस्कवर पुन्हा लिहिणारं साधन वापरावं, एसएसडी असेल तर निर्मात्याचं सेक्युअर इरेज. आणि पुसण्याची घाई करू नये. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तकं वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. तेव्हा नव्या मशीनवर टॅलीतली तेवढ्या मागच्या वर्षांची प्रत्येक कंपनी उघडावी आणि तिचा ताळेबंद सीएंनी सही केलेल्या छापील प्रतीशी आकड्याला आकडा जुळवावा. सगळी वर्षं जुळली, की मग जुनी डिस्क पुसायला घ्यावी.